खुर्चीवरचा नंबर

सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि जिल्हा संकीर्ण कार्यालयातले सगळे कर्मचारी आपापल्या खुर्चीवर बसलेले होते. कार्यालयाची वेळ साडेदहाची होती.

हेडक्लार्क शरणप्पा यांनी समोर फाईल उघडी ठेवली होती आणि दोन्ही पाय टेबलाखालच्या आडव्या दांडीला अडकवून घेतले होते. पलीकडच्या टेबलावर टायपिस्ट उद्धव मशीनवर हात ठेवून डुलक्या घेत होता, पण डुलकीतही त्याचं बूड खुर्चीवरून सरकत नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर फोन वाजत होता. बराच वेळ वाजला, थांबला, परत वाजायला लागला. एकही माणूस उठला नाही.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादेहून एका ट्रकमध्ये या कार्यालयाची निम्मी कपाटं, निम्म्या फायली आणि निम्मी माणसं आली. माणसं नाखूश होती आणि कपाटांच्या किल्ल्या तिकडेच राहिल्या होत्या. इतर कोणत्याच खात्यात न बसणारं काम या खात्याकडे यायचं, आणि कुलूपबंद कपाटांच्या डोक्यावर ढीग होऊन राहायचं. जागाही भाड्याची होती. गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात एका आडत्याचं गोदाम होतं, तेच घेतलेलं. करडईचा वास इतका मुरलेला की नव्याने आलेला माणूस आठ दिवस शिंकायचा आणि मग त्याला वास येईनासा व्हायचा. कामाचंही तसंच होतं.

शरणप्पा साडेअकराला यायचे, उपरणं खुर्चीच्या पाठीला अडकवायचे आणि चहाला जायचे. उपरणं दिसलं की माणूस हजर, असा सर्वांचा समज होता आणि उपरण्याने तो कधी खोटा पाडला नाही.

मग दुष्काळ आला. आधीच्याच दुष्काळाचा हा पुढचा भाग होता, पण यंदा गावातला नळ आठवड्यातून एकदा आणि तोही लाजत लाजत यायला लागला. टँकर बोळात शिरत नव्हता. शरणप्पांच्या घरी तर थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली, घरात आनंद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याची रड सुरू झाली. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची. शरणप्पांची बायको गौरम्मा दिवसभर रिकाम्या भांड्यांकडे बघून बोलायची आणि ते बोलणं शरणप्पांना लागायचं.

"अवं, सरकारात नोकरी करता न्हवं? सरकारला दोन घागरी पानी देता येईना व्हय?"

"सरकारच टँकरची वाट बघून ऱ्हायलं, गौरम्मा."

अशात शिपाई मलप्पाला कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक मोडकं कपाट हलवताना त्याच्याखाली आड सापडला. दगडी काठाचा, अरुंद, आडत्याच्या आज्याने खणलेला. पोहरा सोडला तर पाणी आलं, आणि पाणी गोड निघालं. मात्र झरा बारीक होता. रात्रभर साचायचं ते सकाळी नवापर्यंत पुरायचं, मग पोहऱ्यात गाळ यायचा. दुपारभर पुन्हा साचायचं आणि संध्याकाळी आणखी थोड्या घागरी निघायच्या.

दोन दिवसांत सगळ्या कर्मचाऱ्यांच्या घागरी अंगणात रांगेत उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी भांडणं लागली. कारण रात्रीतून घागरी आपोआप पुढे-मागे सरकत. उद्धवचा डबा दुसऱ्या नंबरवरून कुणीही हात न लावता सगळ्यांच्या मागे गेला.

"सेवाज्येष्ठतेनं घेऊ," शरणप्पांनी सुचवलं. तेच सगळ्यांत ज्येष्ठ होते.

"कोणती ज्येष्ठता, अप्पा?" उद्धव उसळला. "माझी उस्मानाबादची सर्व्हिस धरायची का न्हाई त्येची फाईल चार वर्षं झाली पेंडिंग हाय. तुमच्याच टेबलावर."

अखेर निकाल मलप्पाने दिला. आडाचा दोर त्याच्या हातात होता, त्यामुळे अधिकारही त्याच्याकडेच आला होता.

"घागरीचं काय खरं न्हाई," तो म्हणाला. "उद्यापासनं मानूस दिसला पाहिजे. जो आधी येऊन खुर्चीवर बसंल त्याचा पयला नंबर. बायका मागच्या दारानं घागरी घिऊन येतील, मी पानी वढून दीन. पन नंबर पुरा हुईस्तोवर खुर्ची सोडायची न्हाई. उठला, की नंबर गेला."

"आन् लघवीला?" कुणीतरी विचारलं.

"घरून करून या."

नेमकं त्याच दिवशी सकाळी साहेबांचं पहिलं भाषण झालं होतं.

साहेब म्हणजे जिल्हा संकीर्ण अधिकारी रेणुकादास सेलूकर. सज्जन, पोटापासून प्रामाणिक आणि अपचनाने त्रासलेले. पुण्याला 'कर्मचाऱ्यांतील प्रेरणा' या विषयाच्या शिबिराला जाऊन ते नुकतेच परतले होते. तिथून त्यांनी एक तक्ता आणला होता. तक्त्यात पायऱ्या होत्या आणि सर्वांत वरच्या पायरीवर हात उंच केलेला एक माणूस होता. तक्ता गोदामाच्या भिंतीला लावून त्यांनी सोमवारी सगळ्यांना अर्धा तास प्रेरणा दिली. शरणप्पांनी ती डोळे मिटून घेतली.

मंगळवारी साहेब अपचनाने झोप न लागून साडेआठलाच आले आणि दारातच थबकले. सगळा हॉल भरलेला. प्रत्येक माणूस खुर्चीवर, मान खाली, कपाळावर घाम. साहेबांनी बाहेर जाऊन पाटी बघितली. पाटी बरोबर होती.

त्या रात्री त्यांनी जेवताना बायकोला सांगितलं, "विनीता, माझा विश्वास बसत नाही. एका भाषणात! एका भाषणात माणसं बदलली!"

विनीताबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मग आता तुम्ही त्यांच्याआधी जायला हवं. सातच्या ठोक्याला. साहेबानं आदर्श ठेवला पाहिजे."

"खरं आहे."

"आणि एकदा बसलात की उठायचं नाही. नऊपर्यंत तरी. लोक बघत असतात."

साहेबांचे डोळे पाणावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या कामाबद्दल हिला इतकी आस्था आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

साहेब रोज सातला येऊन केबिनमध्ये बसू लागले. केबिन रस्त्याच्या बाजूला होती आणि आड मागे, मध्ये कपाटांची भिंत. मागच्या अंगणात बायकांचा आवाज यायचा तेव्हा साहेबांना तो शेजारचा वाटायचा. पुढच्या सोमवारी ते हॉलमध्ये येऊन म्हणाले, "लक्षात ठेवा, जो आधी येतो त्याला आधी मिळतं. ज्यानं जागा सोडली त्यानं संधी गमावली. आणि आपला झरा आतून वाहत असतो!"

सगळ्यांनी मनापासून माना हलवल्या. शरणप्पा उद्धवच्या कानाशी लागले, "सायबाला सगळं ठावं हाय रे. उघड बोलता येईना म्हनून असं बोलून ऱ्हायलेत."

"देवमानूस हाय," उद्धव म्हणाला.

आता माणसं दोन दोन तास खुर्चीला चिकटून बसायला लागली, तेव्हा वेळ कसा घालवायचा हा प्रश्न आला. गप्पा दोन दिवसांत संपल्या. पेपर एकच यायचा आणि तो साहेबांकडे जायचा. शेवटी कंटाळून एकेकाने समोरची फाईल उघडली. आधी चाळली, मग वाचली, आणि एका गाफील क्षणी शरणप्पांनी तिच्यावर शेरा मारून ती पुढे ढकलली. उद्धवने ती टाईप केली, कारण तोही बसलेलाच होता. महिन्याभरात कपाटांच्या डोक्यावरचे ढीग उतरले. मग मलप्पाने पहारीने कपाटांची कुलपं तोडली आणि निजामाच्या काळातल्या, शेजारच्या जिल्ह्यांतून चुकून आलेल्याही फायली बाहेर निघाल्या. त्याही निकालात निघू लागल्या.

एक दिवस धर्माबादहून एक म्हातारा हातात पत्र घेऊन आला.

"माझ्या बापानं मिरची तोलायच्या काट्याचा परवाना मागितला हुता म्हनं. त्यो मंजूर झाला असं आलंय."

"हाव, झाला की," शरणप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "अभिनंदन."

"आता बाप न्हाई, काटा न्हाई, औंदा तर मिरची बी न्हाई. मी ह्येचं काय करू?"

"जपून ठेवा. कुनी इचारलं तर दाखवा."

इकडे साहेबांनी औरंगाबादच्या विभागीय कार्यालयाला अहवाल पाठवला. त्यात त्यांनी लिहिलं की प्रेरणेचा परिणाम असा की दूरध्वनी वाजत असतानाही कर्मचारी विचलित होत नाहीत आणि जागा सोडत नाहीत.

अहवाल वाचून विभागीय उपसंचालक साहेबराव ताटे यांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ अहवाल वाचले होते आणि त्यांतलं काहीही प्रत्यक्षात बघायला मिळालेलं नव्हतं. निवृत्तीआधी एकदा बघावं असं त्यांना वाटलं. येत असल्याचं कळवायला त्यांनी दोन दिवस फोन केला. सकाळी ट्रंक कॉलची लाईन लवकर मिळते म्हणून आठलाच करत. फोन वाजत राहिला आणि कर्मचारी विचलित झाले नाहीत.

म्हणून ते न कळवताच आले. आणि आले ते नेमके शरणप्पांच्या नातीच्या, पाण्याअभावी पुढे ढकलत आणलेल्या बारशाच्या दिवशी.

त्या दिवशी शरणप्पांना साहेबांच्या पाठोपाठ दुसरा नंबर मिळाला होता. घरी पै-पाहुणे जमले होते. जंगमस्वामी येणार होते, त्यांच्या पायांवर पाणी घालायचं होतं. स्वयंपाकाला पाणी, बाळाच्या अंघोळीला पाणी. घरात शिल्लक होती ती तांब्याभर. गौरम्मा चार घागरी आणि दोन जावा घेऊन मागच्या दारी उभी होती. निघताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, "छत पडलं तरी उठू नगा."

छत पडलं नाही. दारातून घामेजलेले, धुळीने माखलेले एक वयस्कर गृहस्थ आत आले. पाठोपाठ ड्रायव्हर.

"मी ताटे. औरंगाबादहून."

सेलूकरसाहेब केबिनमधून धावत बाहेर आले. हॉलमध्ये सगळ्यांनी बसल्या बसल्या नमस्कार केले.

"बघा सर," सेलूकर कुजबुजले, "उठत नाहीत."

ताटेसाहेब हॉलभर फिरले. सगळे कामात होते. रात्रभरच्या प्रवासाने त्यांची कंबर धरली होती. ते शरणप्पांपाशी थांबले.

"हेडक्लार्क का? बघू तुमची फाईल." आणि बसायला काही दिसेना म्हणून त्यांनी सहज शरणप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा बसू द्या."

विभागीय उपसंचालकाला खुर्ची नाकारण्याची सोय सेवानियमांत नाही. शरणप्पांनी आधी मागच्या दाराकडे, मग साहेबांकडे, मग छताकडे पाहिलं. पाय दांडीतून सोडवले. ते उठले. ताटेसाहेब "आई गं" म्हणत बसले आणि फाईल वाचू लागले.

तेवढ्यात कपाटांमागून मलप्पा आला. त्याने हॉलवर नजर टाकली, शरणप्पांना उभं पाहिलं आणि दुःखाने मान हलवली.

"अप्पा, नंबर गेला."

"आरं मलप्पा, हे सायब—"

"म्या काय करू? तुम्हीच सगळ्यांच्या म्होरं कबूल झालता. उद्धवराव, तुमचं मानूस बलवा."

"अरे, आज बारसं हाय माझ्या नातीचं!"

"मलाबी निवतं हाय, अप्पा. पन नियम नियम हाय."

मागे काहीतरी धाडकन आपटलं. घागर असावी. आणि पदर खोचलेली गौरम्मा कपाटांच्या फटीतून थेट हॉलमध्ये आली. मागे दोन जावा दाराशीच थांबल्या. गौरम्माने उभा नवरा पाहिला, बसलेला परका माणूस पाहिला आणि कुणालाही काही न विचारता ती टेबलासमोर उभी राहिली.

"उठा."

ताटेसाहेबांनी फाईलवरून वर बघितलं. "मी?"

"तुमीच. आमचा नंबर जाऊन ऱ्हायला तुमच्यापायी. घरी स्वामी यायलेत. लेक बाळंतीण हाय. आमच्या ह्येंनी सकाळी साडेसातपासनं बूड टेकलंय, ते काय तुमच्यासाठी व्हय?"

"गौरम्मा," शरणप्पा क्षीण आवाजात म्हणाले, "औरंगाबादचे हायत ते."

"मग तिकडं त्येंना खुर्च्या न्हाईत का?"

सेलूकरसाहेब धावत मध्ये आले. "बाई, हे कार्यालय आहे! कसला नंबर? तुम्ही आत कशा आलात?"

गौरम्मा त्यांच्याकडे वळली आणि तिचा आवाज एकदम मवाळ झाला. "सायब, तुमचं झालं की. वैनी मगाशीच दोन घागरी घिऊन गेल्या."

"कोण वहिनी?"

"तुमच्या मंडळी. रोजचा पयला नंबर तुमचाच न्हवं? सात वाजता येऊन बसता. लई गुनाचे हाव तुम्ही. आमचे हे बगा, कवा पयला नंबर आनला न्हाई."

हॉलमधल्या सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. कपाटांमागे पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज झाला. सेलूकरसाहेब भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. सर्वांत वरच्या पायरीवरचा तो हात उंच केलेला माणूस आज काहीतरी मागत असल्यासारखा दिसत होता.

ताटेसाहेबांनी सावकाश फाईल मिटली. "शिपाई, इकडे ये. काय नियम आहे तो पुन्हा सांग."

मलप्पाने सांगितला. आड, घागरी, खुर्ची, लघवी, सगळं.

"म्हणजे जो खुर्चीवर, त्याचा नंबर?"

"हाव सायब."

"मग आत्ता हा नंबर कुणाचा?"

मलप्पाने डोकं खाजवलं. "कायद्यानं बघितलं तर... तुमचा."

गौरम्माने डोळ्यांना पदर लावला. ताटेसाहेबांनी फाईल टेबलावर ठेवली. जीपमधला त्यांचा रिकामा कॅन ड्रायव्हरने एव्हाना हातात घेतलेला होता, कारण ड्रायव्हर हुशार होता.

"ठेव तो," ताटेसाहेब म्हणाले. "काल वाटेत रेस्ट हाऊसला बादली मागितली तर खानसाम्यानं मला ओलं फडकं दिलं. आणखी एक दिवस काही मरत नाही. माझा नंबर या बाईंना दिला. विशेष बाब म्हणून. लिहून पाहिजे का?"

"नगं," मलप्पा म्हणाला आणि दोराकडे पळाला.

गौरम्मा आत जाता जाता थांबली. "बारशाला या, सायब. हातपाय धुवायला पानी दीन. तांब्याभर न्हाई, बादलीभर."

ताटेसाहेबांच्या चेहऱ्यावर त्या दौऱ्यातला पहिला आनंद दिसला.

दुपारी बारशाचं जेवून, तोंड धुऊन, केस विंचरून ते परत आले तेव्हा सेलूकर केबिनमध्ये डोकं धरून बसले होते.

"सर, मी अहवाल मागे घेतो. मला काहीही माहीत नव्हतं. घरी नळ चांगला येतो असंच मला वाटत होतं."

"मागे कशाला? खोटं काय आहे त्यात? माणसं आठला येतात, जागा सोडत नाहीत, फायली निकालात निघतात. तीस वर्षांत मी असं भरलेलं ऑफिस पाहिलेलं नाही."

"पण कारण—"

"कारणाचा रकाना नाही आपल्या नमुन्यात." ताटेसाहेब उठले. "तुमचं नाव राज्याच्या बक्षिसासाठी पाठवतोय. मुंबईला बोलावतील, व्याख्यान द्यावं लागेल. उद्या सकाळी फोन करतो, हो की नाही ते तेव्हाच सांगा. यादी उद्याच जायची आहे."

त्या संध्याकाळी सेलूकरसाहेब घरी गेले ते थेट मोरीत. तिथे दोन घागरी भरलेल्या होत्या, झाकण घालून, पोटाला ओल धरून.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तत्त्वाचा प्रश्न केला असता," विनीताबाई म्हणाल्या. "आणि मग आपण कोरडे राहिलो असतो."

"मी उद्यापासून साडेदहाला जाणार. ऑफिसच्या वेळेला."

"जा. फक्त उद्या पहाटेच्या एस.टी.नं अंबाजोगाईहून तुमच्या आई येताहेत महिनाभर. त्यांचं सोवळं तुम्हाला माहीतच आहे. सकाळची एक अंघोळ, देवाची वेगळी घागर, आणि कुणी शिवलं तर पुन्हा अंघोळ. तुम्ही सांगा त्यांना तत्त्वाचं."

साहेब रात्रभर तत्त्वाचा विचार करत जागे राहिले. त्यामुळे सकाळी उठायला उशीर झाला. ते चपला फरफटत कार्यालयात पोचले तेव्हा हॉलमध्ये शरणप्पा आणि उद्धव बसलेले होते. केबिन लांब पडली असती, म्हणून साहेब दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवरच टेकले आणि त्यांनी पाय आडव्या दांडीला अडकवले.

"तिसरा, सायब," मलप्पाने मागून डोकावून सांगितलं.

साहेबांनी मान डोलावली. शरणप्पांनी आपुलकीने त्यांच्याकडे एक फाईल सरकवली. बिलोलीच्या एका माणसाने निजामाकडे पानाच्या दुकानाची परवानगी मागितली होती. साहेब वाचू लागले.

एकेक करत हॉल भरला आणि आठच्या सुमाराला फोन वाजला. लांबलचक, मध्ये दम न घेता. ट्रंक कॉलच असणार.

"औरंगाबाद," उद्धव म्हणाला.

"बक्षिसाचा आसंल, सायब," शरणप्पा म्हणाले. "मुंबईच्या."

साहेबांनी फोनकडे पाहिलं. दहा-बारा पावलं असतील. त्यांनी हात टेबलावर टेकवले आणि ते थोडे वर उचलले गेले. अख्खा हॉल श्वास रोखून बघत होता. कपाटांमागून विनीताबाईंच्या बांगड्यांचा आवाज आला, आणि त्यामागून एक म्हातारा, करारी आवाज, "अगं, ती घागर राखेनं घासलीयस का?"

साहेब हळूच परत खाली बसले.

"वाजू द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.